मयतीला न्यायचे फूल

लग्नाघरी काय न्यावे हे कुणाला विचारावे लागत नाही. बारशाला झबले, वास्तुशांतीला भांडे, आजाऱ्याला भेटायला जाताना चार मोसंब्या, हे सारे ठरलेले आहे. अडते ते मयतीच्या घरी जाताना. निरोप येतो, माणूस पायांत चप्पल सरकवून निघतो आणि बाजाराच्या वळणावर फुलवाल्यापाशी क्षणभर घुटमळतो. हार घ्यावा का? कशाचा? केवढा? रिकाम्या हाताने जाणे बरे दिसेल का, आणि मोठा हार नेला तर ते जास्त बरे दिसेल की जास्त वाईट? त्या घटकेला कुणी तत्त्वज्ञान करीत बसत नाही. खिशातले पैसे आणि भिंतीवरचे घड्याळ पाहून माणूस काहीतरी उचलतो आणि चालू लागतो. तरीही त्या घुटमळण्यात एक खरा प्रश्न आहे, आणि दिवाळीच्या निवांत दिवसांत तो विचारायला हरकत नसावी. ते फूल आपण नेमके कुणासाठी नेतो?

पांढुर्ण्याला काय, सौंसरला काय, फुलवाल्याच्या दुकानात मयतीचा म्हणून वेगळा हार नसतो. झेंडूचा असतो, शेवंतीचा असतो, गुलाबाच्या पाकळ्यांचा असतो. त्यांतलाच सकाळी गणपतीला जातो, दुपारी एखाद्या पुढाऱ्याच्या गळ्यात पडतो आणि संध्याकाळी तिरडीवर चढतो. बाहेरगावच्या पाहुण्याला हे विचित्र वाटते. मला मात्र त्यात एक शहाणपण दिसते. मृत्यूसाठी आपण फुलांची निराळी जात राखून ठेवलेली नाही.

जगात अशी राखून ठेवलेली फुले पुष्कळ आहेत. आपली शेवंती घ्या. वेणीत ती हवीच, महालक्ष्म्यांच्या पूजेला हवीच. जपानात पांढरी शेवंती ही अंत्यविधीची खूण आहे, आणि फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरला लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन कबरस्तानात जातात. तिथे कुणाच्या घरी जेवायला जाताना शेवंती नेली तर यजमानीण दचकेल. झेंडूची कथा तर याहून नवलाची आहे. दसऱ्याला ज्याच्या तोरणावाचून दार ओके दिसते तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगिजांच्या काळात समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेला. मेक्सिकोत तो मृतांचे फूल मानला जातो. १ आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या दिवाळीच्याच आगेमागे, तिथली माणसे घरात आणि कबरींवर झेंडूचे ढीग रचतात आणि त्याच्या पाकळ्यांची वाट आखतात. गेलेल्यांना त्या रंगाच्या नि वासाच्या आधाराने घर सापडते अशी त्यांची श्रद्धा. तेच फूल, तेच दिवस. तिकडे ते पितरांची वाट दाखवते, इकडे लक्ष्मीची. म्हणजे शोक किंवा मंगल हे काही फुलाच्या देठात नसते. ते आपण त्यात घालतो.

शास्त्राने नियम केले आहेत, नाही असे नाही. श्राद्धाला पांढरी, सौम्य वासाची फुले घ्यावीत, तांबडी आणि उग्र वासाची टाळावीत, तुळस आणि माका हवा, केवडा नको. पण हे सारे श्राद्धाचे, म्हणजे पुढचे. ज्या दिवशी माणूस जातो त्या दिवसाचे फूल शास्त्रापेक्षा अंगणावर जास्त अवलंबून असते. तोंडात तुळशीपत्र, कपाळाला गुलाल किंवा बुक्का, आणि दारात जे फुलले असेल ते.

आपल्या दुभाषी मुलखात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हिंदीत ‘फूल’ म्हणजे फूलच, पण चितेतून वेचलेल्या अस्थींनाही ‘फूल’च म्हणतात. ‘फूल चुनना’ म्हणजे आपले राख सावडणे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला. पण घराघरांत दोन्ही भाषा त्याआधीपासून नांदत आहेत, आणि दुःखाच्या दिवशी त्या एकमेकींच्या पायांत येतात. एका घरची ऐकलेली गोष्ट अशी. तिसऱ्या दिवशी सकाळी बैतूलकडच्या सुनेने विचारले, “फूल चुनने कितने बजे जाना है?” ते ऐकून सहा-सात वर्षांचा नातू परडी घेऊन अंगणात गेला आणि झेंडू तोडून आणता झाला. कुणी हसले नाही. घाटावर अस्थी सावडून झाल्या तेव्हा आजोबांच्या त्या मडक्यात मुलाचा झेंडूही गेला. दोन भाषांचा घोटाळा म्हणावा तर तो आहेच. पण हाडांना फूल म्हणणाऱ्या भाषेने त्या मुलाला जे सांगितले ते कुणा भटजीला इतके सोपे करून सांगता आले नसते.

मराठीचेही एक देणे आहे. आपण मृताला फूल देत नाही, पाठवत तर नाहीच. आपण ते वाहतो. याच शब्दाने कावड वाहतात, ओझे वाहतात. वाहायचे म्हटले की हात लागतो, पाय लागतात, तिथवर जावे लागते. फुले पाठवण्याची रीत जिथे रुजली तिथे मरण आणि दफन यांच्यामध्ये कैक दिवसांचे अंतर असते. नातलगांना पत्र जाते, दुकानदाराला सांगितले जाते, चिठ्ठी लावलेली फुले वेळेवर पोचतात. आपल्याकडे सूर्य मावळण्याच्या आत सारे उरकायचे असते. वैशाखात तर ते करावेच लागते. अशा घाईत फुले कोण पाठवणार, आणि कुणाकडे? म्हणून आपल्याकडे फुलांच्या जागी माणूसच यायचा. खांदा द्यायचा, लाकडे रचू लागायचा, घाटावर कडुनिंबाखाली बसून राहायचा. शेजारच्या घरून पिठले-भाकरी यायची, कारण त्या घरी चूल पेटायची नाही. पाठवायचे असेल तर भाकरी पाठवावी, फूल स्वतः न्यावे, असा काहीसा हा अलिखित कायदा होता. मला तो अजूनही बरा वाटतो.

मग पुष्पचक्राचे काय? अलीकडे आपल्या गावांतही गोल, हिरव्या पानांत बांधलेली, आडवी पट्टी लावलेली पुष्पचक्रे दिसू लागली आहेत. पट्टीवर नाव असते. मृताचे नव्हे, पाठवणाऱ्याचे. या गोष्टीची थट्टा करणे सोपे आहे. पण पुष्पचक्राला एक योग्य जागा आहे. सीमेवर पडलेल्या जवानाची पेटी गावी येते तेव्हा पलटणीचे पुष्पचक्र असते, जिल्हाधिकाऱ्यांचे असते, पोलिसांचे असते. ते असायलाच हवे. कारण पलटण, जिल्हा, सरकार यांना हात नसतात. खांदा नसतो. डोळ्यांत पाणी येण्याची सोय नसते. अशा बिनदेहाच्या संस्थेने आपण आलो होतो हे कसे दाखवावे? तर एक गोल चक्र ठेवून, दोन पावले मागे सरून आणि सलामी देऊन. ती भाषा तिची आहे आणि तिला शोभते. अडचण होते ती हाडामांसाच्या माणसाने ती उसनी घेतली म्हणजे. ज्याला खांदा आहे, ज्याचे घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, त्याने पट्टीवर नाव छापून घेतले की तो स्वतःला संस्था करून टाकतो. मग गर्दीत लोक पट्ट्या वाचू लागतात. अमुक आडतीचे आले, तमुक पक्षाचे आले, आणि त्यांचे कसे काय नाही आले? मृत माणूस बाजूलाच राहतो.

हाराच्या लांबीचेही तसेच. जुन्या रीतीत गरीब आणि श्रीमंत एकच करायचे, चिमूटभर पाकळ्या किंवा एखादे फूल पायांशी ठेवायचे. त्यात एक न्याय होता. खेड्यातल्या मजुराचे फूल आणि मालगुजाराचे फूल चितेवर ओळखू येत नसे. आजचा हार ओळखू येतो. त्यात चंदेरी जर असते, स्पंजाचे गोळे असतात, प्लॅस्टिकच्या मण्यांचे लोंबते झुंबर असते, आणि देहाला अग्नी देण्याआधी ते सारे ओरबाडून काढावे लागते. घाटावर हे काम कोण करतो ते एकदा पाहावे. हार घालणारा नसतो. लाकडे रचणाराच खाली वाकून जर तोडत बसतो, आणि मागे राहिलेला तो ढीग वाऱ्याने जामच्या किंवा कन्हानच्या पात्रात जातो. फूल कुजून माती होते, जर होत नाही. योग्य फूल कोणते याचे एक साधे उत्तर घाटावरच्या त्या माणसाकडे आहे: जे चितेवरून काढून टाकावे लागत नाही ते.

आता आपल्या भागाच्या एका खास फुलाविषयी. आपल्याकडे संत्र्याच्या बागा आहेत, आणि आंबिया बहाराच्या दिवसांत त्या पांढऱ्या फुलांचा वास रस्त्याने जाणाऱ्यालाही थांबवतो. इतके सुवासिक, इतके शुभ्र फूल, पण ते कुणी तोडत नाही. देवालाही नाही. कारण प्रत्येक फुलात शेतकऱ्याला फळ दिसते. खरे पाहता त्यांतली बहुतेक फुले आपोआपच गळतात. पण गळाले म्हणून सोडून देणे वेगळे आणि आपल्या हाताने तोडणे वेगळे. एका बागाइतदाराच्या मयतीला मी गेलो होतो. ऐन बहार होता. तिरडी बांधून होत आली तेव्हा त्याचा सालगडी बागेतून आला आणि बहारलेली एक डहाळी त्याने मालकाच्या हाताशी ठेवली. जमलेल्यांत कुजबुज झाली. “भरल्या झाडाची फांदी तोडली?” एक म्हातारे नाराजीने म्हणाले. सालगडी म्हणाला, “थो झाडही त्यायनंच लावलं होतं. मी कोण मना करणारा?” यावर कुणाला बोलता आले नाही. त्या दिवशी पुष्कळ मोठे हार आले होते, पण मला आठवते ती ती डहाळी. ती सुंदर होती म्हणून नव्हे. त्या माणसाचे आयुष्य कशात गेले हे ठाऊक असल्याशिवाय ती कुणाला सुचली नसती, आणि तिची किंमत काय हे बागेत राबलेल्यालाच कळते. दुकानातला हार आणायला मृताची ओळख लागत नाही. 

पण जो येऊच शकत नाही त्याने काय करावे? हा प्रश्न आता प्रत्येक घरात आहे. मुले पुण्याला, बंगलोरला, काही समुद्रापलीकडे. नागपूर जवळ, पण नागपूरहूनही कधीकधी वेळेवर पोचता येत नाही. धर्मशास्त्राने फार पूर्वी याचा एका टोकाचा विचार करून ठेवला आहे. माणूस दूरदेशी गेला आणि देह मिळालाच नाही, तर पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा पालाशविधी आहे; ३६० देठांचा तो पुतळा सांगितला आहे. पळस म्हटले की आपल्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात रोवलेले खोड आणि गोटमार आठवते. पण त्याच पळसाला शास्त्राने नसलेल्या देहाच्या जागी उभे केले आहे. मला यातले औदार्य महत्त्वाचे वाटते. हजर राहता न आलेल्याला, देह न मिळालेल्याला, हातांनी करण्यासारखे काहीतरी लागते, हे त्या विधीने ओळखले होते.

२०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत हे आपण सगळ्यांनीच अनुभवले. अंत्यविधीला वीसच माणसे, असा नियम झाला. इस्पितळात गेलेले माणूस कित्येकांना पिशवीत बांधलेलेच दिसले, तेही लांबून. ना स्नान, ना तुळशीपत्र, ना फूल. त्या काळात ज्यांच्या घरी हे झाले त्यांच्या मनात सल राहिला तो मरणाचा तर आहेच, पण ‘एक फूलही वाहता आले नाही’ हा वेगळा आहे. मृताला फुलाची गरज नसते म्हणणाऱ्या बुद्धिवाद्यांना मी एवढेच सांगेन की गरज कुणाची होती ते तेव्हा कळले. म्हणून परदेशातल्या मुलाने शेजारच्या काकांना फोन करून ‘माझ्या नावाने एक फूल ठेवा’ म्हटले, तर त्याला मी दिखावा म्हणणार नाही. ते फूल एका ओळखीच्या हाताने वाहिले जाते. त्या काकांनाही त्याचा भार वाटतो, आणि तो वाटावाच. हेच काम दुकानाला पैसे भरून झाले तर फूल पोचेल, मूल पोचणार नाही.

आपल्याच गावांतल्या बौद्ध बांधवांकडे फुलाचा अर्थ आणखी सरळ केलेला आहे. बुद्धमूर्तीपुढे फूल ठेवताना जी पाली गाथा म्हणतात, तिचा आशय असा की हे फूल जसे कोमेजणार तसाच हा देहही. ते फूल मृताला काही पोचवीत नाही, मागत तर नाहीच. ठेवणाऱ्याने स्वतःकडे पाहावे म्हणून ते ठेवायचे. मुसलमान शेजाऱ्यांच्या कबरीवर गुलाबाच्या पाकळ्या असतात, त्या दुसऱ्या दिवशी वाळलेल्या दिसतात आणि कुणी त्या उचलण्याची घाई करीत नाही. फूल मृत्यूच्या जवळ नेतात ते टिकत नाही म्हणूनच, हे या साऱ्यांना मान्य दिसते. कागदाचे किंवा प्लॅस्टिकचे फूल म्हणूनच तिथे खोटे वाटते. त्याला मरता येत नाही.

इथवर प्रश्न त्या मानाने सोपा होता. अवघड भाग असा की आपल्या समाजात फूल सगळ्यांना सारखे मिळत नाही, जिवंतपणीही नाही आणि मेल्यावरही नाही. सवाष्ण बाई गेली तर हिरवे लुगडे, मळवट आणि केसांत वेणी. विधवा गेली तर साधे पातळ, तुळशीची माळ, फार तर चार पांढरी फुले. नवरा गेला त्या दिवशी तिची वेणी काढून घेतली जाते आणि मग तीस-चाळीस वर्षे ती इतरांच्या मुलींचे केस विंचरून त्यांत गजरे माळत राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे असल्या विधवा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर गावांनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. परिपत्रक राज्याच्या सीमेपाशी थांबते. चालीरीती मात्र थांबत नाहीत. त्या इकडेही त्याच आहेत, भाषा आपली तशाच त्याही आपल्या. अशा बाईच्या मयतीला आपण भलामोठा हार घेऊन जातो तेव्हा तो हार काय सांगतो? आयुष्यभर जे नाकारले ते, आता तिला नको म्हणता येत नाही तेव्हा, तिच्या अंगावर टाकायचे. 

सौंसर तालुक्यातल्या एका नातलगाच्या घरी हा वाद माझ्यासमोर झाला. घरातली आजी गेली. ऐन तारुण्यात वैधव्य आलेले. रोज पहाटे उठून परडीभर फुले तोडायची, तगर, कण्हेर, जास्वंद, आणि देवघरात ठेवायची. पूजा मुलगा करायचा. त्या दिवशीही तिने फुले तोडली, परडी ओट्यावर ठेवली आणि तिथेच बसल्या बसल्या गेली. दुपारी तिला न्हाऊ घातल्यावर नात म्हणाली, आजीच्या केसांत फूल माळायचे. मोठ्या आत्याबाई म्हणाल्या, “रीत नाही बाई ते.” शेजारची एक बाई तिखट होती. ती म्हणाली, “जित्तेपणी एक दिलं नाही, आता कायची फुलं? राहू द्या तशीच. तिले राग तरी येऊ द्या.” मला तिचे म्हणणे नातीच्या म्हणण्याइतकेच खरे वाटले. उशिरा माळलेल्या फुलाने केलेला अन्याय भरून निघत नाही. माळल्याने आपल्यालाच जरा बरे वाटते, आणि तसे बरे वाटून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे का? पण न माळणे म्हणजे तोच अन्याय चितेपर्यंत नेणे. माझे मत विचारले असते तर मी माळावे असे म्हटले असते, आणि माळताना बरे वाटून घेऊ नये असेही.

पण मत विचारले नाही कुणी. नात परडी घेऊन आली तेव्हा आणखी एक अडचण निघाली. घरातले वडीलधारे काकाजी म्हणाले, “पोरी, ते देवासाठी तोडलेले फूल आहे. ते मुडद्याले कसं चालंल?” नात क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “काकाजी, सुतक लागलं नं? दहा दिवस देवाले फूल वाहता येत नाही. मग ही फुलं आता कोणाची?”

काकाजींनी परडीकडे पाहिले. नंतर उठून बाहेर तिरडी बांधणाऱ्यांजवळ जाऊन बसले. नातीने एक तगर आजीच्या कानामागे खोचली. बाकीच्यांचा गजरा करायला घरात सुतळीच तेवढी होती, दोरा सापडेना. शेवटी आत्याबाईंनीच आपल्या पदराचा एक धागा ओढून दिला.